सही माझी, पाय बाबांचा: नागपूरच्या डॉक्टरमंडळींना खुलं पत्र

नागपुरातल्या समस्त डॉक्टरसाहेबांना, डॉक्टर मॅडमना, आणि खास करून रात्री साडेअकराला फॉर्म घेऊन आयसीयूच्या बाहेर येणाऱ्या आरएमओ, म्हणजे ड्युटीवरच्या तरुण डॉक्टर पोरापोरींना,

नमस्कार.

भांडायला लिहून राहिलो नाही, हे आधीच सांगतो. विषय एकच, पेशंटला न विचारता नातेवाइकाच्या सहीवर ऑपरेशनची संमती घेणं. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही, डॉक्टरांचंही नाही. त्यांनी जे केलं ते तुमच्यापैकी बरेच जण रोज करतात, आणि सही करणारा तर मीच होतो, त्यामुळे बोट दाखवायचंच झालं तर पहिलं माझ्याकडेच येतं. मी रिटायर्ड बँकवाला, मानेवाड्याला राहतो. डॉक्टरकीतलं मला कळत नाही, पण सही म्हणजे काय हे तेहतीस वर्षं काउंटरवर बसून थोडंफार कळलेलं आहे, तेवढ्यापुरतंच बोलतो.

बाबा तेव्हा ८१ चे. आयुष्यभर एम्प्रेस मिलमध्ये माग चालवले, त्या खडखडाटात कान गेले ते गेलेच, रिटायरमेंटनंतर मशीन लावलं तेव्हा कुठे बाबांना नातवंडांचं बोलणं ऐकू यायला लागलं. शुगर जुनी. पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली, त्यांनी हळद लावून फडकं बांधलं, आम्हाला वास यायला लागला तेव्हा समजलं, तोपर्यंत अंगठा काळा पडला होता आणि ताप चढला होता. भरती केलं. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला एक तरुण डॉक्टर बाहेर आला, म्हणाला गँगरीन वर सरकून राहिलं काका, गुडघ्याखालून काढावा लागेल, सकाळी दहाचं ऑपरेशन थिएटर मिळालं आहे, आत्ता सही द्या म्हणजे भूलवाले डॉक्टर बघून घेतील. मी विचारलं, बाबांना सांगितलं का? तर म्हणाला, "ते कन्फ्यूज्ड आहेत काका, काहीही उत्तरं देतात. रिलेटिव्हची सही चालते."

काहीही उत्तरं देत होते हे खरंच होतं. फक्त त्यांच्या कानाचं मशीन त्या वेळी आमच्या सौच्या पर्समध्ये होतं. आयसीयूत घेताना सिस्टरनं अंगठी, घड्याळ, कवळी आणि मशीन सगळं एका पिशवीत घालून आमच्या हातात दिलं होतं, हरवलं तर आमच्यावर नको म्हणून. आता बघा, समोरच्याच्या तोंडाला मास्क, म्हणजे ओठ वाचायची सोय नाही, मशीन नाही, मॉनिटरचं टुकटुक चालू, आणि विचारतात, "आजोबा, आज वार कोणता?" बाबांनी उत्तर दिलं, "दोन पोळ्या." बहुतेक त्यांना "आहार" ऐकू आलं असेल. फाइलीत काय लिहिलं गेलं असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

मी तेव्हा हे काहीच जोडून पाहिलं नाही. फॉर्म चार पानांचा, पूर्ण इंग्रजी, तीन ठिकाणी पेन्सिलनं फुली मारलेली. हजारो लोकांना "वाचून सही करा" सांगणारा मी, एक ओळ न वाचता तीन सह्या केल्या. त्याआधी पुण्याला बहिणीला फोन लावला, अमरावतीला भावाला लावला, दोघंही म्हणाले डॉक्टर म्हणतात तर करून टाक. सगळ्यांना विचारून झालं. बाबा वीस फुटांवर होते, त्यांनाच तेवढं राहिलं.

आणि सकाळी काय झालं ते सांगतो, कारण ते मी घरातही उशिराच सांगितलं. साडेनऊला ट्रॉली निघाली. बाबा एकदम नीट होते, रात्रीची बडबड नाही, डोळे स्वच्छ. मला पाहून म्हणाले, "आज गुरुवार ना, मंदिरात नाई गेला?" गुरुवारच होता. मग म्हणाले, "कुठं नेऊन राहिले मले?" मी कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "ड्रेसिंगला बाबा."

ऑपरेशन चांगलं झालं, यात डॉक्टरांची काहीही चूक नाही, जीव वाचला. चार दिवसांनी वॉर्डात आणल्यावर त्यांनी चादर बाजूला केली, बराच वेळ पाहिलं, मग मशीन मागून घेतलं, लावलं आणि विचारलं, "माह्या पायाची सही तू कशी केली बाबू?" रागावून नाही, पासबुकात एखादी एंट्री जुळत नसली की विचारतात तसं. मी काहीतरी बोललो, इन्फेक्शन, जीवाला धोका वगैरे. त्यावर म्हणाले, "मी हाव म्हटलं असतं. पन मले विचारा लागत होतं."

म्हणजे निकाल तोच लागला असता, पाय गेलाच असता. डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल मग अडचण काय? अडचण समजावी म्हणून बँकेतलं सांगतो.

म्हातारा, आजारी खातेदार सही करू शकत नसला आणि त्याला पैसे काढायचे असले तर बँकेत रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. अंगठा घ्यायचा, हाताचा नसेल तर पायाचासुद्धा चालतो, पण दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस. मी स्वतः हनुमाननगर, नंदनवन, कुठे कुठे लोकांच्या घरी गेलो आहे, खाटेशी वाकून विचारलं आहे, "आजी, पाच हजार काढायचे ना? कोणाजवळ देऊ?" मुलगा शेजारी उभा असायचा, चांगला मुलगा, आईचं सगळं करणारा, तरी त्याची सही आम्हाला चालत नव्हती, कारण खातं आईचं. कर्जाच्या कागदावर कोणी मराठीत सही केली तर मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवला, समजावला असं वेगळं लिहून घ्यायचो. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांकडून हयातीचा दाखला घ्यायचो, माणूस जिवंत आहे हे त्याच्याकडूनच. पाच हजारांसाठी एवढं. आणि गुडघ्याखालचा पाय माझ्या सहीवर गेला, ज्या फॉर्मचं मी एक अक्षर वाचलं नव्हतं.

तुम्हाला वाटत असेल हा भावनिक झाला, कायद्यात नातेवाइकाची सही चालते. मलाही तसंच वाटायचं. नंतर वाचत गेलो. सुप्रीम कोर्टाचा १६ जानेवारी २००८ चा समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा निकाल तुमच्यापैकी कित्येकांना परीक्षेत आलेला असेल. दिल्लीची ४४ वर्षांची बाई, तपासणीच्या लॅपरोस्कोपीला, म्हणजे पोटात दुर्बीण घालून बघायला, सही करून आत गेली, ती भुलेत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, बीजकोश काढून टाकले. कोर्टानं सांगितलं की पेशंट सज्ञान आहे, समजण्याच्या अवस्थेतली आहे, तात्पुरती भुलेत आहे, जीवावर बेतलेलं नव्हतं, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं होतं, आईची संमती ही संमतीच नाही. डॉक्टरांची फी गेली आणि वर २५,००० रुपये भरपाई. संमती खरी कधी, तर पेशंटला समजण्याची क्षमता असेल, त्यानं स्वतःहून दिली असेल आणि त्याला पुरेशी माहिती मिळाली असेल तेव्हा. जीव वाचवायला मिनिटांचा खेळ असेल तर थांबू नका, हे कोर्टानंही सोडलेलंच आहे आणि आम्हालाही मान्य आहे. पण आमच्या बाबतीत रात्री साडेअकरा ते सकाळी दहा, साडेदहा तास होते हो.

गंमत म्हणजे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत ७.१६ ला ऑपरेशनआधीच्या लेखी संमतीबद्दल लिहिताना नवरा किंवा बायको, अज्ञान मुलाचे आईबाप, आणि मग "पेशंट स्वतः", असा क्रम आहे. पेशंट शेवटी! बहुतेक त्या वाक्याचीच सवय लागली आहे सगळ्यांना.

आता "कन्फ्यूज्ड आहेत" या शब्दाकडे येतो. क्षमता म्हणजे डिग्री नाही की एकदा गेली की गेली. माझ्या वाचण्यात चार गोष्टी आल्या: सांगितलेलं समजतं का, ते आपल्या स्वतःवर गुजरणार आहे हे कळतं का, दोन पर्याय तोलून पाहता येतात का, आणि आपलं म्हणणं सांगता येतं का, मग ते बोलून असो की मान हलवून. आणि ही क्षमता त्या त्या निर्णयापुरती, त्या त्या वेळेपुरती असते. माणसाला बँकेचं व्याज कळणार नाही पण पाय ठेवायचा की काढायचा हे कळेल, रात्री नाही कळणार पण सकाळी कळेल. वार, तारीख, पंतप्रधान कोण, हे विचारून मेंदूची साधारण तपासणी होते, पायाचा निर्णय घेता येतो का हे त्यातून समजत नाही. स्मृतिभ्रंश आहे असं कार्डावर लिहिलेलं असलं तरी माणूस आपोआप बाद होत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा त्याच्या विषयापुरता आहे, पण त्याच्या कलम ४ मध्ये एक फार नीट वाक्य आहे: एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला म्हणून तेवढ्यावरून त्याला क्षमता नाही असं धरायचं नाही. वेड्यांसाठी म्हणून लोक हिणवतात त्या कायद्यात जे आहे ते शहाण्या म्हाताऱ्यांना मिळू नये का?

रात्री बरळणं म्हणजे डेलिरियम, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शन झालं, सोडियम उतरलं, लघवी अडली, पोट साफ नाही, झोपेची गोळी दिली, आयसीयूचे दिवे चोवीस तास चालू, घरचं कोणी नाही, चष्मा नाही, की चढउतार सुरू होतो, संध्याकाळनंतर जास्त, सकाळी उतरतो. त्याचं कारण शोधून काढलं तर बरेचदा माणूस परत येतो. आणि त्यांनी एक सांगितलं ते मला भारी लागलं, की आरडाओरडा करणारा डेलिरियम सगळ्यांना दिसतो, पण काही म्हातारे एकदम शांत पडतात, हो हो करत राहतात, त्यांना सगळे "सहकार्य करणारे आजोबा" म्हणतात, त्यांचाही डेलिरियमच असतो. त्या हो हो ला काय अर्थ?

इथे माझं खरं गाऱ्हाणं आहे. पेशंट हो म्हणाला तर त्याला समजतं की नाही हे कोणी तपासत नाही. नाही म्हणाला की लगेच, कन्फ्यूज्ड आहेत, सायकियाट्रिस्टचा रेफरन्स टाका, मुलाला बोलवा. हो म्हटलं तर शुद्धीवर, नाही म्हटलं तर भ्रमिष्ट. हा कोणता तराजू आहे बापा?

दुसरीकडे कसं होतं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. पाय गेल्यावर पाच महिन्यांनी बाबांची किडनी ढासळली. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन चढत गेलं, अंगावर सूज, डायलिसिसचं बोलणं निघालं. हे हॉस्पिटल वेगळं होतं, नागपुरातलंच. तिथले डॉक्टर सकाळी आठला राउंडला आले, आले ते उभ्यानं बोलले नाहीत, पलंगाखालचं प्लॅस्टिकचं स्टूल पायानं ओढलं आणि बसले. पहिला प्रश्न, "मशीन लावलं का आबाजी?" मास्क खाली केला. मग आम्हाला म्हणाले तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबा. मला राग आला होता खरं सांगायचं तर. दाराच्या फटीतून ऐकत होतो. आठवड्यात दोनतीनदा यावं लागेल, चारेक तास मशीनवर, मानेत किंवा हातात नळी, काही महिने जास्त मिळू शकतात, थकवा राहील, नको असेल तर गोळ्यांनी सूज आणि दम कमी ठेवू, घरी. सगळं साध्या बोलीत. आणि मग म्हणाले, "आता मी काय सांगितलं ते तुम्ही मले सांगा." बाबांनी सांगितलं, चार तासाचं सहा तास केलं, बाकी बरोबर. "नाही केलं तर काय होईल आबाजी?" बाबा म्हणाले, "मरीन. पन माह्या खाटेवर मरीन." का नको विचारलं, तर म्हणाले, "गेला पाय तो गेला. आता मशीनसाठी रोज उचलून नेनार हे लोकं मले. मी पोतं नाई."

डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. झोप, भूक, जगावंसं वाटत नाही असं होतं का, हे विचारून उदासीचं चाचपलं. दोन दिवसांनी पुन्हा त्याच स्टुलावर बसून तेच विचारलं, उत्तर तेच. मग आम्हाला आत घेतलं आणि बाबांच्याच तोंडून आम्हाला ऐकवलं. बहीण व्हिडिओ कॉलवर रडली, भाऊ भांडला, डॉक्टर म्हणाले मी तुमचं ऐकतो आहे, पण निर्णय यांचा झालेला आहे. फाइलीत त्यांनी बाबांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, "पोतं" शब्दासकट, वेळ टाकली, सही केली. मी पाहिलं ते पान. बाबा सात आठवडे घरी होते. शेवटचे दहा दिवस जड गेले, आम्हालाही, ते लपवत नाही. पण त्या सात आठवड्यांत त्यांनी मला एकदाही कुठल्या सहीचं विचारलं नाही.

दोन्ही वेळा मिळून डॉक्टरांचा किती वेळ गेला असेल, चाळीस मिनिटं?

तुमच्या बाजूनं मला कळत नाही असं नाही. १९९५ पासून तुम्ही ग्राहक कायद्यात आहात, केस करतो तो नातेवाईक, बिल भरतो तो नातेवाईक, काच फोडतो तोही नातेवाईकच, पेशंट बिचारा काय करणार, म्हणून तुम्ही ज्याच्यापासून भीती त्याची सही घेता. मेडिकलला, मेयोला, या आपल्या सरकारी हॉस्पिटलांत चंद्रपूर, गडचिरोलीपासून बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतचे लोक, एका निवासी डॉक्टरमागे एवढे पेशंट, तिथे स्टूल ओढायला जागा नाही हेही पाहिलं आहे. आणि आम्ही नातेवाईक काही कमी नाही, "त्यांना कॅन्सर आहे सांगू नका, खचतील" म्हणून तुम्हाला बाजूला घेणारे आम्हीच. किती घरांत आजी "पोराले विचारा" म्हणते. ठीक आहे, तिनं पोरावर सोपवलं तर तोही तिचाच निर्णय, पण ते तिच्या तोंडून आलं पाहिजे, आम्ही तिच्या वतीनं "पोराले विचारा" म्हणायचं नाही.

आणि खरंच बेशुद्ध असेल, समजण्याच्या पलीकडे असेल तर? आपल्याकडे सज्ञान माणसासाठी कोणी ठरवायचं, बायकोनं की मोठ्या मुलानं, असा क्रम सांगणारा एकच सरळ कायदा नाही, लोक हायकोर्टात जाऊन पालक नेमून आणतात. अशा वेळी तरी आम्हाला "तुम्हाला काय वाटतं" विचारू नका. "ते बोलू शकले असते तर काय म्हणाले असते" असं विचारा. या दोन प्रश्नांना मी दोन वेगळी उत्तरं दिली असती.

सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विल मान्य केलं, २४ जानेवारी २०२३ ला त्याची पद्धत सोपी केली, आता मॅजिस्ट्रेट लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बरं व्हायची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत, आणि आपलं तोंड बंद झाल्यावर कोणाशी बोलायचं, हे लिहून ठेवता येतं. मी केलं. कोर्टाच्या आवारातल्या नोटरीनं कागद उलटसुलट करून विचारलं, प्रॉपर्टी कुठं लिहिली यात? मी म्हटलं, ही मीच प्रॉपर्टी. बायको हसली नाही. पण माझ्या फॅमिली डॉक्टरला मी त्याची कॉपी दिली तर ते म्हणाले असा कागद पहिल्यांदाच पाहतो आहे, म्हणजे काम दोन्हीकडून बाकी आहे.

मागणं फार नाही. फॉर्म मराठीत आणि हिंदीत असावा, आणि तो आदल्या दिवशी उजेडात द्यावा. विचारायचं ते सकाळी, मशीन, चष्मा, कवळी लावून, घरचे बाहेर ठेवून. कवळीचं हसण्यावारी नेऊ नका, कवळीशिवाय माणूस बोलतो ते तुम्हाला कळत नाही आणि तुम्ही त्याला बरळणं समजता. अमुक माणूस निर्णय घेऊ शकत नाही असं लिहिणार असाल तर कोणता निर्णय, किती वाजता, काय विचारलं, काय उत्तर आलं, आणि पुन्हा कधी विचारणार, हेही त्याच पानावर लिहा. नुसतं "कन्फ्यूज्ड" एवढ्यावर बँकेत साधं चेकबुकसुद्धा कोणाचं थांबवता येत नाही. आणि नातेवाइकाच्या सहीच्या वर एक ओळ मोकळी सोडा, पेशंट स्वतः काय म्हणाला ते लिहायला, त्याच्या शब्दांत, वऱ्हाडी तर वऱ्हाडी.

फॉर्मचं मराठी करायला माणूस नसेल तर मी करून देतो, फुकट. सोप्या मराठीत अर्ज लिहायची सवय आहे, नोकरीच तशी होती. वैद्यकीय शब्द तुम्ही तपासा, बाकी मी पाहतो. दहानंतर मी रोज मोकळाच असतो, गुरुवार सोडून.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
मानेवाडा, नागपूर